अडतीस मिनिटं आणि एक घरभर कागद: अबोटाबादच्या झडतीचं प्रकरण

अमेरिकेने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये अल-कायदाचा प्रमुख ओसामा बिन लादेनला मारलं ती २ मे २०११ ची रात्र म्हटलं की लोकांना हेलिकॉप्टर आठवतात, गोळ्या आठवतात, व्हाइट हाउसमधल्या त्या खोलीत सगळे श्वास रोखून बसलेत तो फोटो आठवतो. मला आठवतात ते त्यानंतर पाच दिवसांनी, ७ मेला, अमेरिकन सरकारने दाखवलेले पाच छोटे व्हिडिओ. त्यातल्या एकात एक म्हातारा माणूस जमिनीवर बसलाय, अंगावर ब्लँकेट, डोक्याला टोपी, दाढी पांढरी, हातात रिमोट, आणि समोरच्या छोट्याशा टीव्हीवर तो स्वतःलाच बघतोय. बाकीच्यांत तोच माणूस, पण दाढी काळी केलेली, कॅमेऱ्यासमोर भाषण करताना. आवाज मुद्दाम काढून टाकला होता, त्याचा प्रचार आपल्या हातून व्हायला नको म्हणून. टीव्हीवर दिवसभर त्या दाढीची चर्चा चालली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की ही टेप कुणीतरी अंधारात, दुसऱ्या देशात, बाहेर एक पडलेलं हेलिकॉप्टर असताना आणि घड्याळ पुढे पळत असताना उचलून पिशवीत टाकलीय, आणि ती उचलली नसती तर आपल्याला यातलं काहीच कळलं नसतं.

तेव्हापासून मी या प्रकरणाची ही दुसरी बाजू वाचत आलोय. ओसामा बिन लादेनला मारलं कसं यावर ढिगाने लिहिलं गेलंय. त्या घराची झडती कशी झाली, काय उचललं, काय राहिलं, उचललेल्याचं पुढे काय झालं, यावर मराठीत मला जवळपास काहीच दिसलं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी घर समजून घ्या, कारण झडतीचं सगळं गणित घरावर असतं. अबोटाबादच्या बिलाल टाउन भागातलं हे घर, पाकिस्तानच्या काकूल मिलिटरी ॲकॅडमीपासून जेमतेम सव्वा-दीड किलोमीटरवर. प्लॉट आजूबाजूच्यांपेक्षा कितीतरी मोठा, कंपाउंडच्या भिंती १२ ते १८ फूट उंच, वर काटेरी तारा, तीन मजली मुख्य घर, आणि तिसऱ्या मजल्याच्या गच्चीला ७ फुटांची आडोशाची भिंत, म्हणजे उंच माणूस उभा राहिला तरी बाहेरून दिसणार नाही. फोन नाही, इंटरनेट नाही. शेजारपाजारचे लोक कचरा बाहेर टाकायचे, हे लोक आतच जाळायचे. घर सांभाळणारे दोन भाऊ, त्यातला एक म्हणजे ज्याचा माग काढत सीआयए या घरापर्यंत पोचली तो निरोप्या, अबू अहमद अल-कुवैती.

आता कचरा जाळणाऱ्या माणसाच्या घरात कागद सापडतील असं कुणाला वाटेल? पण सापडले, आणि का सापडले ते बघितलं की हे प्रकरण उलगडतं. घरात इंटरनेट नाही म्हणून हा माणूस पत्रं कॉम्प्युटरवर लिहायचा, पेन ड्राइव्हवर टाकायचा, निरोप्या तो पेन ड्राइव्ह घेऊन दूरच्या कुठल्यातरी सायबर कॅफेत जायचा, तिथून मेल पाठवायचा, आलेली मेल पेन ड्राइव्हवर उतरवून परत घेऊन यायचा. माग लागू नये म्हणून ही सगळी दगदग, आणि वर्षानुवर्षं ती चालली सुद्धा. पण याचा परिणाम असा झाला की पाठवलेलं, आलेलं, अर्धवट लिहिलेलं, दुरुस्त केलेलं, सगळं त्या घरातच साठत गेलं. आपण मेल डिलीट करतो तेव्हा ती कुठल्यातरी सर्व्हरवर असतेच. याच्याकडे सर्व्हर म्हणजे कपाट होतं. ज्या सवयीने तो इतकी वर्षं वाचला त्याच सवयीने त्याने आपल्या संघटनेचं दफ्तर एका घरात जमा करून ठेवलं.

म्हणून लष्करी भाषेत ज्याला ‘साइट एक्सप्लॉइटेशन’ म्हणतात ते या मोहिमेत सुरुवातीपासून प्लॅनमध्ये होतं. आपल्याकडच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर ही झडती आणि जप्ती, फक्त पंच नाहीत, वॉरंट नाही, आणि घरमालक बंदूक घेऊन उभा असण्याची शक्यता आहे. घर ताब्यात आलं, गोळीबार थांबला, की तेच जवान लढणाऱ्यांचे झडती घेणारे होतात. नीट करायची पद्धत ठरलेली असते. प्रत्येक खोलीला नंबर किंवा अक्षर द्यायचं, हात लावायच्या आधी खोलीचा फोटो काढायचा, एका खोलीतलं सामान एकाच पिशवीत, पिशवीवर खोलीचा नंबर, कुणाच्या अंगावर सापडलं असेल तर त्याची वेगळी पिशवी, घराचा कच्चा नकाशा, आणि शेवटी कुणी काय उचललं याची यादी. खिशातल्या चिठ्ठ्या, पावत्या, सिमकार्डं यांना तर सगळ्यात आधी हात घालतात कारण माणूस खिशात ठेवतो ते त्याला आज लागणारं असतं. बिन लादेनच्या कपड्यांत ५०० युरो आणि दोन फोन नंबर शिवलेले सापडले असं तेव्हाच बाहेर आलं होतं. घर सोडून पळायची वेळ आली तर काय लागेल याचं त्याचं उत्तर तेवढंच होतं, थोडी रोकड आणि दोन नंबर.

कॉम्प्युटरचं मात्र अवघड असतं. लॅबमध्ये हार्ड डिस्कची कॉपी करताना आधी राइट ब्लॉकर लावतात, म्हणजे मूळ डिस्कवर एक अक्षरसुद्धा नवीन लिहिलं जाणार नाही, मग अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतात आणि दोन्हींची हॅश व्हॅल्यू जुळवतात. हॅश म्हणजे त्या डेटाचा अंगठ्याचा ठसा समजा, एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. याला तास लागतात. अबोटाबादमध्ये तास नव्हते. तिथे एकच करता येत होतं, ते म्हणजे उचला आणि चला.

आणि वेळ का नव्हता? प्लॅनच मुळात अर्ध्या तासाच्या आसपासचा होता. अफगाणिस्तानातल्या जलालाबादहून बदल केलेली दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर निघाली, त्यात नेव्ही सीलचे, म्हणजे अमेरिकन नौदलाचे, २३ कमांडो, एक दुभाषी आणि कैरो नावाचा कुत्रा, मागे मदतीला शिनूक हेलिकॉप्टर. पोचल्या पोचल्या पहिलं ब्लॅक हॉक कंपाउंडमध्ये कोसळलं. सरावासाठी जी प्रतिकृती बांधली होती तिला भिंतींच्या जागी जाळीचं कुंपण होतं, खरी भिंत भरीव, त्यामुळे पंख्याची हवा खाली जाऊन बाहेर पसरली नाही, तिथेच घुटमळली आणि हेलिकॉप्टरचा आधारच गेला. कुणी मेलं नाही हे नशीब. पण आता ते हेलिकॉप्टर उडवून द्यायचं होतं, शिनूक बोलवायचं होतं, शेजारी उठून गच्च्यांवर यायला लागले होते, आणि पाकिस्तानी हवाई दलाला जाग यायच्या आत सीमा ओलांडायची होती. एवढं सगळं होऊन जमिनीवरचा वेळ सुमारे ३८ मिनिटं झाला. त्यात घरात शिरणं आलं, दारं फोडणं आलं, लढाई आली, २० पेक्षा जास्त बायका-मुलांना एका बाजूला घेणं आलं. झडतीला त्यातली उरलेली मिनिटं.

मरणाऱ्यांत बिन लादेन, त्याचा मुलगा खालिद, ते दोघे भाऊ आणि त्यातल्या एकाची बायको. हेही विसरून चालत नाही की झडती चालू होती तेव्हा हे मृतदेह त्याच घरात होते आणि पोरं रडत होती. अशा घरात कपाटं उघडणं, ड्रॉवर ओढणं, वायरी तोडून कॉम्प्युटर काढणं, हे हात शांत ठेवून करायचं असतं. तिथे असलेल्यांनीच नंतर सांगितलंय की वेळ संपत आला म्हणून सगळं उचलता आलं नाही, काही सामान न बघताच राहिलं.

तरी जे आलं ते पाहा. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी दिलेला आकडा असा की ५ कॉम्प्युटर, १० हार्ड ड्राइव्ह आणि डीव्हीडी, पेन ड्राइव्ह वगैरे धरून १०० च्या वर साठवणीची साधनं. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार टॉम डॉनिलन यांनी एखाद्या छोट्या कॉलेजच्या लायब्ररीएवढा हा साठा आहे असं टीव्हीवर सांगितलं.

मृतदेहाची ओळख पटवणं हाही पुरावा गोळा करण्याचाच भाग होता, आणि यात त्यांनी एका पद्धतीवर भरवसा ठेवला नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरातल्या बाईने नावानिशी ओळख दिली. चेहऱ्याचे फोटो पाठवून जुन्या फोटोंशी जुळवले. उंची बघितली, त्यासाठी मोजपट्टी नव्हती म्हणून एका उंच जवानाला शेजारी आडवं व्हायला लावलं. आणि डीएनएचे नमुने घेतले, जे नातेवाइकांच्या नमुन्यांशी जुळले. चार वेगळ्या वाटा एकाच जागी आल्या. मृतदेह समुद्रात सोडायचं ठरलेलं असताना, म्हणजे परत तपासायची संधीच मिळणार नाही हे माहीत असताना, यापेक्षा कमी करून चाललंच नसतं. ज्यांनी फोटो जाहीर करा म्हणून आरडाओरडा केला त्यांना मी समजू शकतो, पण फोटोने शंका घेणाऱ्याची शंका जात नाही, एकमेकांशी संबंध नसलेल्या खुणा जुळल्या की जाते.

आता पिशव्या अफगाणिस्तानात उतरल्या. इथून पुढचा भाग कंटाळवाणा वाटेल पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे. मोहीम सैन्याची, नेतृत्व सीआयएचं, म्हणजे दोघांनाही कोर्टाशी काही घेणंदेणं नाही असं आपल्याला वाटतं. पण तिथे हा माल ताब्यात घ्यायला एफबीआयचा माणूस होता. एफबीआय म्हणजे पोलीस, ज्याला उद्या कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून ‘हो, हा माल माझ्याकडे आला, मी तो अमुक ठिकाणी नेला, मध्ये कुणी छेडला नाही’ असं शपथेवर सांगता येतं. आपल्या पोलीस स्टेशनात मुद्देमालाची नोंद होते, लाखेचं सील लागतं, कारकुनाची सही होते, त्याच जातीचं हे काम.

कारण उचललेल्या प्रत्येक वस्तूला दोन मालक असतात. एक विश्लेषक. त्याला घाई असते, पुढचा हल्ला कुठे होणार ते आज रात्री कळायला हवं, त्याला सही-शिक्क्याशी मतलब नसतो, अंदाज चालतो. दुसरा सरकारी वकील. त्याला घाई नसते पण साखळी लागते, एक कडी तुटली की समोरचा वकील पूर्ण माळ ओढून घेतो. पहिल्याच्या घाईत दुसऱ्याचं नुकसान होतं आणि दुसऱ्याच्या कागदपत्रात पहिल्याची वेळ जाते. अबोटाबादमध्ये दोघांचंही थोडं साधलं, थोडं बुडलं.

विश्लेषकाचं काम किती लगेच सुरू झालं बघा. ५ मेला, म्हणजे तीन दिवसांत, अमेरिकेत रेल्वेला इशारा गेला, कारण सापडलेल्या सामानात फेब्रुवारी २०१० मधली एक नोंद होती की ११ सप्टेंबरच्या दहाव्या वर्षी रेल्वे रुळावरून घसरवता येईल का. नोंद जुनी होती, ठोस कट तयार झालेला नव्हता, तरी त्यांनी थांबवून ठेवलं नाही, जेवढं माहीत होतं तेवढं सांगून टाकलं. आणि ते बरोबर केलं असंच मी म्हणेन. सीआयएच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांचं पथक बसलं आणि अरबी येणारी माणसं दिवसरात्र वाचायला लागली.

पत्रांत काय होतं? एवढ्या मोठ्या संघटनेचा प्रमुख किती बारीक गोष्टीत अडकलेला असतो ते वाचून चक्रावायला होतं. अतिया अब्द अल-रहमान या आपल्या खास माणसाला तो लिहितो की मुसलमान मारले जाताहेत, त्याने आपलं नाव खराब होतंय, हे थांबवा. संघटनेचं नाव बदलावं का असा विचार करतो. राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि अमेरिकन लष्कराचे जनरल पेट्रेयस यांचं विमान अफगाणिस्तान-पाकिस्तानकडे येईल तेव्हा त्यावर हल्ला करायची तयारी इल्यास काश्मीरीने करावी असं सुचवतो. (हा इल्यास म्हणजे तोच, ज्याच्याशी मुंबईची रेकी करणाऱ्या डेव्हिड हेडलीचे संबंध होते. मुंबईच्या वाचकाला हे नाव नुसतं नाव राहत नाही.) माणसांनी ढगाळ दिवशीच हलावं म्हणजे वरून दिसणार नाही, खंडणीचे पैसे आले की बॅग आधी फेकून द्या कारण त्यात माग काढणारी चिप असू शकते. एका पत्रात तर इराणमध्ये राहून आलेल्या बायकोच्या दातात डॉक्टरने चिप बसवली नसेल ना याची काळजी आहे.

या भीतीतून त्याचं जग दिसतं. त्याला आकाशाची भीती, दाताची भीती, बॅगेची भीती. कपाटाची भीती मात्र वाटली नाही.

आता जरा वादाच्या मुद्द्याकडे येतो. ३ मे २०१२ ला, बरोबर एका वर्षाने, अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या कॉम्बॅटिंग टेररिझम सेंटरने यातली १७ कागदपत्रं प्रसिद्ध केली, मूळ अरबी १७५ पानं. त्यावरून चित्र असं उभं राहिलं की बिन लादेन बाजूला पडला होता, त्याच्या शाखा त्याचं ऐकत नव्हत्या, तो हताश झाला होता. चित्र खोटं नव्हतं, त्या १७ कागदांत तेच होतं. पण हजारोंतले १७ निवडले कुणी आणि कशावरून? पुढे अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायद्यात तरतूद करून सरकारला बाकीचे कागद तपासून खुले करायला लावले, २०१५ ते २०१७ दरम्यान टप्प्याटप्प्याने ते आले, आणि १ नोव्हेंबर २०१७ ला सीआयएने एकदम ४,७०,००० च्या आसपास फाइल्स सोडल्या. त्यात १८,००० च्या आसपास दस्तऐवज, १०,००० वर व्हिडिओ, मुलगा हमजाच्या लग्नाचं शूटिंग, अल-कायदा आणि इराणच्या संबंधांवरचा १९ पानी कागद. मग बऱ्याच अभ्यासकांनी म्हणायला सुरुवात केली की हा माणूस शेवटपर्यंत सूचना देत होता, नेमणुकांत लक्ष घालत होता, अजिबात निवृत्त नव्हता.

मला यात कटबिट काही दिसत नाही. पण झडतीत उचललेल्या ढिगातून पहिली मूठ जी बाहेर काढतो तो पुढची पाच वर्षं गोष्ट ठरवतो, आणि लोकांना ढीग दिसत नाही, मूठच दिसते. आपल्याकडेसुद्धा कुठे छापा पडला की संध्याकाळपर्यंत चॅनेलवर दोन डायऱ्यांची पानं झळकतात, आणि कुठली पानं झळकली नाहीत हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आता कोर्ट. आबिद नसीर हा पाकिस्तानी तरुण एप्रिल २००९ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या कटाच्या संशयावरून पकडला गेला, पुरेसा पुरावा नाही म्हणून तिथे खटला उभाच राहिला नाही. पुढे अमेरिकेने मागणी केल्यावर त्याला परत पकडलं, जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेला सोपवलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात खटला सुरू झाला. त्याने वकील घेतला नाही, स्वतःच स्वतःची बाजू मांडली. ब्रिटिश गुप्तचर खात्याचे लोक विग लावून साक्षीला आले. आणि तिथे सरकारी पक्षाने अबोटाबादच्या घरातून आलेली कागदपत्रं ज्युरीपुढे ठेवली, ज्यात संघटनेच्या बाहेरच्या कारवायांबद्दल वरपर्यंत दिलेला अहवाल होता आणि ब्रिटनला पाठवलेल्या माणसांचा उल्लेख होता. हे कागद त्याच घरातून आले हे सांगायला कोण उभं राहिलं? अफगाणिस्तानात माल ताब्यात घेणारा तो एफबीआयचा माणूस. ४ मार्च २०१५ ला नसीर दोषी ठरला, नोव्हेंबरमध्ये ४० वर्षांची शिक्षा झाली.

इथे थांबून विचार करा, की चार वर्षांपूर्वी त्या रात्री जवानांच्या डोक्यात नसीर हे नावसुद्धा नव्हतं. ते कुठल्या खटल्यासाठी पुरावा गोळा करत नव्हते. तरी त्या पिशवीची पावती झाली होती म्हणून इंग्लंडमध्ये न टिकलेल्या संशयाला ब्रुकलिनमध्ये एक आधार जास्तीचा मिळाला. कागद कितीही बोलका असला आणि तो कुठून आला हे शपथेवर सांगणारा माणूस नसला तर कोर्टापुढे तो रद्दीच.

हे आपल्याकडेही आपण वेगळ्या तऱ्हेने शिकलोय. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटबद्दल जो निकाल दिला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही एवढाच प्रश्न, निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ शूटिंग हा पुरावा, आणि भांडण कशावरून तर त्याच्या कॉपीसोबत कायद्याला हवं ते सर्टिफिकेट नाही यावरून. बिलाल टाउनचं घर आणि जालन्याचं निवडणूक ऑफिस यांत काही नातं नाही, पण कॉपी कुणी काढली, कुठल्या मशीनवरून, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पोलिसांना झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटात हॅश द्यावी लागते. हे नीट पाळलं गेलं तर फार मोठा फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

जे मागे राहिलं त्याबद्दलही लिहायला हवं. कोसळलेलं हेलिकॉप्टर जवानांनी उडवलं, पण शेपटी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला शाबूत राहिली. सकाळी लोकांनी तिचे फोटो काढले आणि आवाज आणि रडार चुकवणारं कुठलंतरी नवंच हेलिकॉप्टर अमेरिकेकडे आहे हे जगाला कळलं. तो तुकडा परत मिळायला तीनेक आठवडे गेले. म्हणजे ज्यांनी दुसऱ्याच्या घराची झडती घेतली त्यांनीही जाताना आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात सोडली.

घरातली माणसंही मागे राहिली. तिन्ही बायका आणि मुलं पाकिस्तानच्या ताब्यात गेली, अमेरिकनांना नंतर परवानगी मागून बायकांशी बोलावं लागलं. सगळ्यात धाकटी बायको अमल, जिच्या पायाला गोळी लागली होती, तिने पाकिस्तानी तपासात सांगितलं की कुटुंब आधी स्वातमध्ये, मग हरिपूरमध्ये राहिलं आणि २००५ मध्ये अबोटाबादला आलं. ‘इतकी वर्षं हा होता कुठे’ या प्रश्नाला माणसाच्या तोंडून उत्तर मिळालं. मे महिन्याच्या शेवटी सीआयएच्या माणसांना ते रिकामं घर परत तपासायची परवानगी मिळाली, पण तोपर्यंत तिथून किती पावलं फिरून गेली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाकिस्तानने घर जमीनदोस्त केलं.

आणि एक गोष्ट जी मला खटकते ती बोलतोच. मोहिमेच्या आधी, घरात नक्की कोण आहे याची खात्री करायला सीआयएने डॉ. शकील आफ्रिदी यांच्यामार्फत अबोटाबादमध्ये हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाची मोहीम चालवली, त्या घरातल्या मुलांचा डीएनए मिळावा हा हेतू. हे उघड झाल्यावर पाकिस्तानात लस देणाऱ्यांकडे हेर म्हणून बघायला लागले. पोलिओविरोध तिथे आधीपासून होता, पण त्याला हातात दाखवायला एक खरी गोष्ट मिळाली. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिओ डोस देणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मे २०१४ मध्ये व्हाइट हाउसने कळवलं की सीआयए लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही. आपल्या गावात आशाताई घरोघर दोन थेंब घेऊन फिरते ती केवळ लोकांच्या विश्वासावर. तो विश्वास पुरावा गोळा करायचं हत्यार म्हणून वापरायचा नसतो, समोर बिन लादेन असला तरी. त्या रात्री पिशवीत काय आलं याचं मला कितीही मोल वाटत असलं तरी इथे माझं मत हलत नाही.

शेवटी त्या वहीबद्दल सांगतो. २०१७ च्या ढिगात हाताने लिहिलेली २२८ पानांची एक वही होती. सीआयएने ती बिन लादेनची खाजगी डायरी म्हणून जाहीर केली आणि जगभर बातम्या तशाच आल्या. त्यात लहानपणी ब्रिटनमध्ये असताना शेक्सपिअरचं घर बघायला गेल्याची आठवण आहे, ट्युनिशिया, इजिप्त, लिबियात लोक रस्त्यावर उतरलेत त्यावरची चर्चा आहे, आपण काय निवेदन काढावं, कधी काढावं, याची खलबतं आहेत. पुढे अरबी जाणणाऱ्या संशोधकांनी ती शांतपणे वाचली तेव्हा दिसलं की ही एका माणसाची डायरी नाहीच. ही २०११ च्या फेब्रुवारी-मार्चनंतरच्या घरगुती बैठकांची टिपणं आहेत, कुणी प्रश्न विचारतंय, बाप उत्तर देतोय, आणि बरंचसं अक्षर घरातल्या मुलींचं आहे. म्हणजे ज्या मुलींना त्या रात्री बाजूला बसवलं त्यांतल्याच कुणीतरी, जगाला हवं असलेलं हे टिपण आदल्या आठवड्यांत बसून लिहिलं होतं. ती वही कुठल्या खोलीत सापडली, बापाच्या टेबलावर की मुलींच्या उशाशी, एवढं पिशवीवर लिहिलेलं असतं आणि ते वहीबरोबर बाहेर आलं असतं, तर ती कुणाची हे पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं.